मोटारींतील जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे देवळें, घाट आणि विहिरी यांच्याकरितां राखून ठेवलेला आहे. तो मोटारगाडीच्या आंतील फुटक्या प्लॅस्टिकास लावला, तर शास्त्रीमंडळी आमच्यावर रुष्ट होतील, हें आम्ही जाणून आहों. तथापि ज्या घरीं दहा-बारा वर्षांची मोटार आहे, त्या घरीं हा प्रश्न देवळाच्या कळसापेक्षां पुष्कळ अधिक वेळां उपस्थित होतो. दाराच्या आंतील अंगाची पट्टी सुटली, समोरचा काळा डॅशबोर्ड पांढुरका पडला, कागदपत्रें ठेवावयाच्या कप्प्याचें झांकण लोंबूं लागलें, कीं गृहस्थ म्हणतो, "चालायचेंच, गाडी जुनी झाली." पुढें ती विकावयास काढली, म्हणजे गिऱ्हाईक यंत्र पाहण्याच्या आधीं नेमकें त्याच पट्टीवर बोट ठेवतें आणि किंमत पाडून मागतें.

हा लेख लिहिण्याचें कारण मात्र निराळें आहे. या बाबतींत आम्हीं एका शेजाऱ्यास सल्ला दिला, आणि तो चुकला; साधासुधा नव्हे, चांगलाच चुकला. ती हकीकत पुढें येईल. परंतु बरोबर काय आहे तें आधीं सांगितल्याखेरीज चुकलें काय तें समजणार नाहीं.

प्लॅस्टिक हा शब्द मूळ ग्रीक असून 'घडविण्याजोगें' असा त्याचा अर्थ आहे. संस्कृतावरून 'सुघट्य' असा शब्द अलीकडे बनविण्यांत आला आहे. तो शुद्ध आहे. पण दुकानांत जाऊन तो उच्चारण्याचें धैर्य आम्हांस अद्यापि झालेलें नाहीं. बेल्जममध्यें जन्मलेल्या लिओ बेकलंड यांनीं १९०७ सालीं अमेरिकेंत जें बेकलाइट तयार केलें, तें एकदां घट्ट झालें कीं पुन्हां उष्णतेनें वितळत नाहीं. आजच्या मोटारीच्या आंतील बहुतेक प्लॅस्टिक त्या जातीचें नाहीं. तें तापविलें कीं मऊ होतें, निवलें कीं घट्ट होतें, आणि याच गुणावर त्याची दुरुस्ती बव्हंशीं अवलंबून आहे. त्यांतहि दोन कुळें मुख्य. एक पॉलिप्रॉपिलीन. १९५४ सालीं इटलींत जूलिओ नात्ता यांनीं तें स्फटिकमय व घट्ट स्वरूपांत तयार केलें, आणि १९६३ सालीं कार्ल त्सीग्लर या जर्मन शास्त्रज्ञांसह त्यांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. दुसरें कूळ एबीएस. तीन द्रव्यांच्या आद्याक्षरांवरून त्यास हें नांव पडलें.

कूळ ओळखल्याखेरीज उपचार करूं नये. तुकडा काढून उलटा केला, कीं मागील अंगास दोन बाणाग्रांच्या मध्यें बारीक रोमन अक्षरें उमटविलेलीं आढळतात: पीपी, एबीएस, पीपी-टी-२० अशीं. या टी-२० चा क्रिकेटशीं कांहीं संबंध नाहीं. शंभरांत वीस भाग टाल्क, म्हणजे आपलें शंखजिरें, मिसळलें आहे, एवढाच त्याचा अर्थ. अक्षरें झिजलीं असल्यास तुकडा पाण्यांत टाकावा, तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन आणि बुडाला तर एबीएस, अशी एक परीक्षा पुष्कळजण सांगतात. शुद्ध पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकें आहे हें खरें. पण त्यांत शंखजिरें पडलें कीं तेंहि बुडतें आणि परीक्षक फसतो. त्यापेक्षां न दिसणाऱ्या बाजूस अॅसिटोनचा एक थेंब लावून पाहावा. एबीएस असेल तर जागा चिकट होते. पॉलिप्रॉपिलीन असेल तर कांहींच होत नाहीं.

हें ज्ञान आमचें नव्हे. आमचा एक जुना विद्यार्थी पुण्यांत मोटारींच्या आंतील अंगाचें काम करतो. शाळेंत असतांना 'देव' शब्द सर्व विभक्तींत चालविणें त्यास कधींच साधलें नाहीं, आणि त्याबद्दल आम्हीं त्यास बांकावर उभें केल्याचें आम्हांस आठवतें. आतां त्याच्या कारखान्यांत आम्ही बांकावर बसतों आणि तो शिकवितो. त्यानें घातलेला पहिला धडा असा, कीं तुकडा काढणें हेंच अर्धें काम. पट्टीचे स्क्रू टोपणाखालीं लपविलेले असतात, आणि बाकीचा भार प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर असतो. थंडीच्या सकाळीं या खुंट्या कडक झालेल्या असतात. तेव्हां जोर केला कीं त्या मोडतात, आणि एक भेग बुजवावयास निघालेला मनुष्य चार खुंट्या मोडून बसतो. गाडी थोडा वेळ उन्हांत उभी करावी, किंवा केस वाळविण्याच्या यंत्राची गरम हवा कडेनें फिरवावी. उचकटण्यास स्क्रूड्रायव्हर वापरूं नये. लांकडी पट्टीस फडकें गुंडाळून ती आंत सरकवावी आणि खुंटीच्या अगदीं जवळ उचलावी. निघालेले स्क्रू एका वाटींत ठेवावे. ती वाटी घरांतील कोणी घांसावयास नेणार नाहीं, अशी व्यवस्था आधींच करावी. हें आम्ही अनुभवानें लिहीत आहों.

एबीएसचें काम सोपें. त्याच जातीच्या टाकाऊ प्लॅस्टिकचे बारीक तुकडे कांचेच्या बरणींत थोड्या अॅसिटोनमध्यें रात्रभर भिजत घातले, म्हणजे सकाळीं खळीसारखें दाट द्रव्य मिळतें. घरांत नातवंडांचे लेगोचे ठोकळे असल्यास त्यांतील एखादा तुटका, अपारदर्शक ठोकळा चालतो. ते १९६३ सालापासून एबीएसचे होत आले आहेत. (नातवंडाची परवानगी मात्र घ्यावी.) ही खळ भेगेंत भरली, कीं दोन्ही कांठ विरघळून एकजीव होतात. अॅसिटोन उडून जातो, उरतें तें मूळचेंच प्लॅस्टिक. वाळतांना ती आटते, म्हणून किंचित् वर येईल अशी भरावी आणि निदान एक दिवस तिला हात लावूं नये. अॅसिटोन अत्यंत ज्वालाग्राही आहे. बरणी चुलीपाशीं किंवा देवघरांतील निरांजनाजवळ उघडूं नये.

पॉलिप्रॉपिलीन मात्र मोठें सोवळें. त्यास अॅसिटोन शिवत नाहीं, साधा गोंद चिकटत नाहीं, रंगहि धरत नाहीं. रंग द्यावयाचाच तर त्यासाठीं मिळणारा निराळा प्रायमर आधीं द्यावा लागतो. तो न देतां फवाऱ्याचा रंग मारला, तर महिन्याभरांत नखानें सोलतां येतो. तें सुमारें १६० अंश सेल्सियसला वितळतें, म्हणून भेग पडल्यास विजेवर तापणाऱ्या डाखाच्या सळईनें सांधणें हाच खरा मार्ग. भेगेच्या टोंकाशीं आधीं बारीक भोंक पाडावें, म्हणजे ती पुढें धांवत नाहीं. नंतर मागील अंगानें पोलादी जाळीचा तुकडा सळईनें दाबून प्लॅस्टिकांत बुडवावा आणि त्यावर त्याच जातीच्या प्लॅस्टिकची पट्टी वितळवून बसवावी. ही पट्टी कोठून आणावी असें आम्हीं विचारलें, तेव्हां विद्यार्थी हंसला. "गुरुजी, तुमच्या घरीं श्रीखंडाचा डबा नाहीं का?" डब्याच्या तळाशीं त्रिकोणांत ५ हा आंकडा असेल तर तो पॉलिप्रॉपिलीनचा. आमच्या घरीं असे सात डबे निघाले. त्यांतील एक कात्रीनें कापतांना गृहिणीनें जी मुद्रा केली तिचें वर्णन आम्ही करीत नाहीं. सळई फार तापूं देऊं नये. धूर निघून प्लॅस्टिक तपकिरी झालें म्हणजे तें जळलें, आणि जळलेला सांधा टिकत नाहीं. काम उघड्या हवेंत करावें.

मोडलेल्या खुंटीस किंवा स्क्रूच्या फुटक्या नळीस झटपट चिकटणारा गोंद आणि खाण्याचा सोडा हा जोड उपाय बरा आहे. या गोंदाची कथा मौजेची आहे. १९४२ सालीं अमेरिकेंत हॅरी कूव्हर हे बंदुकींच्या नेमदर्शकांकरितां स्वच्छ पारदर्शक प्लॅस्टिक शोधीत असतां हें द्रव्य त्यांच्या हातीं आलें, आणि तें ज्यास लागेल त्यास चिकटूं लागलें म्हणून त्यांनीं तें बाजूस सारलें. त्या दुर्गुणाची किंमत १९५१ सालीं ध्यानांत आली व १९५८ सालीं तें विक्रीस आलें. जागेवर चिमूटभर सोडा दाबून त्यावर गोंदाचा थेंब सोडला, कीं पाहतां पाहतां दगडासारखा गोळा होतो. मात्र तो तापतो आणि त्याची वाफ डोळ्यांस झोंबते. शिवाय ती वाफ आजूबाजूच्या काळ्या प्लॅस्टिकवर पांढरी छटा धरते, म्हणून तुकडा गाडीबाहेर काढूनच हें करावें. पॉलिप्रॉपिलीनवर याचीहि पकड लंगडीच.

आतां आपल्या घरांतील खास व्याधि. खंडेनवमीस किंवा गाडी नवी आणल्या दिवशीं आपण तिची पूजा करतों, आणि उदबत्ती हवेच्या झरोक्याच्या फटींत खोंचतों. ती जळत खालीं आली, कीं प्लॅस्टिकला वाटाण्याएवढा खळगा पडतो व त्याच्या कडेस वितळलेल्या द्रव्याची गोल वरंबी उभी राहते. लोक खळगा भरावयास धांवतात आणि वरंबी तशीच ठेवतात. मग डाग दुप्पट मोठा दिसतो. प्रथम धारदार पात्यानें वरंबी कापून पृष्ठभाग सपाट करावा, मग खळगा भरावा, नंतर आधीं ३२० व मग ६०० नंबरचा पॉलिशपेपर पाण्यांत भिजवून हलक्या हातानें फिरवावा. तरीहि ती जागा गुळगुळीत राहून चमकते, कारण मूळ पृष्ठभागास चामड्यासारखा कण असतो. त्यावर आमच्या विद्यार्थ्याची युक्ति नामी आहे. शेजारच्या शाबूत भागावर तो सिलिकोनचा मऊ लगदा दाबून साचा घेतो, आणि भरलेला भाग ओला असतांनाच तो साचा त्यावर उमटवितो. साचा उचलल्यावर खळगा कोठें होता तें आम्हांस बोटानें चांचपूनहि सांगतां आलें नाहीं.

पांढुरकेपणाविषयीं फार लिहावयाचें नाहीं. दुपारीं बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या आसपास तापूं शकतो, आणि उन्हांतील अतिनील किरणांनीं प्लॅस्टिकच्या रेणूंच्या लांब सांखळ्या तुटत जातात. तुटलेली सांखळी कोणत्याहि तेलानें जुळत नाहीं. खोबरेल चोळल्यानें दोन दिवस काळेपणा येतो, तिसऱ्या दिवशीं धूळ बसते, आणि पुढें खवट वास सुटतो. चकाकी आणणारीं सिलिकोनचीं द्रव्यें लावलीं तर डॅशबोर्डाचें प्रतिबिंब समोरच्या कांचेंत पडून रस्ता दिसेनासा होतो. सौम्य साबणाचें पाणी, मऊ फडकें, आणि गाडी सावलींत उभी करणें, याहून अधिक आम्ही सुचवीत नाहीं. मुंबईस व कोंकणांत कांहीं गाड्यांचा मऊ लेप दमट हवेनें चिकट होतो. तो धुऊन जात नाहीं. आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसून सबंध काढून टाकावा लागतो, आणि खालचें कठीण प्लॅस्टिक आहे तसें पतकरावें लागतें.

आतां आमची चूक. शेजारीं एक कुटुंब आहे. कर्त्या गृहस्थांस आम्ही अण्णा म्हणतों. त्यांच्या गाडींत डाव्या बाजूस, म्हणजे चालकाच्या शेजारील आसनासमोर, डॅशबोर्डावर गणपतीची लहान मूर्ति दुहेरी चिकटपट्टीनें बसविलेली होती. ती तेथून काढून मधोमध ठेवावी असें मुलाच्या मनांत आलें, आणि त्यानें ती स्क्रूड्रायव्हरनें उचकटली. मूर्ति शाबूत निघाली. खालच्या प्लॅस्टिकचा पापुद्रा मात्र तिच्याबरोबर आला आणि तेथून वीतभर भेग गेली. सूनबाईंस सातवा महिना होता, पंधरा दिवसांनीं त्यांस माहेरीं साताऱ्यास पोंचवावयाचें होतें. व्याह्यांच्या दारांत फुटकी गाडी कशी न्यावी, ही वहिनींची काळजी. अण्णा आमच्याकडे आले. "मास्तर, तुम्ही त्या मुलाकडे हें सर्व शिकतां आहां, एवढें सांगा." आम्हीं मोठ्या ऐटींत सांगितलें, कीं दोन भागांची इपॉक्सी लांबी आणावी, भेगेंत दाबून भरावी, घांसावी आणि वरून रंग द्यावा. गाडी आम्हीं पाहिलीहि नाहीं. अण्णांनीं तें सर्व इतक्या निगुतीनें केलें कीं वहिनींनीं आमच्या घरीं चकल्या पाठविल्या.

दुसऱ्या दिवशीं विद्यार्थ्यापुढें आम्हीं ही फुशारकी मारली. त्यानें हातांतलें काम खालीं ठेवलें. "गुरुजी, भेग नेमकी कुठें होती?" आम्हीं सांगितलें. "तिथें काय लिहिलेलें होतें?" आम्हांस ठाऊक नव्हतें. तो म्हणाला, "तें एअरबॅगचें झांकण आहे."

ज्यांस हें ठाऊक नसेल त्यांच्याकरितां सांगतों. चालकापुढील एअरबॅग आपल्या देशांत नव्या मोटारींस १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, आणि २०२१ सालीं शेजारच्या आसनापुढीलहि झाली. धडक बसतांच ही पिशवी एका सेकंदाच्या सुमारें तिसाव्या हिश्शांत फुगते. डोळ्याचें पातें लवण्यासहि याहून अधिक वेळ लागतो. तिच्यावरील प्लॅस्टिक ठरलेल्या रेषेवर फाटून बाहेर वळावें, म्हणून त्यास आंतल्या बाजूनें मुद्दाम बारीक खांच देऊन दुबळें केलेलें असतें. त्या दुबळेपणाचेंच तेथें काम असतें. आम्हीं त्यावर दगडासारखी लांबी भरविली होती. फुगतांना झांकण भलत्या ठिकाणीं फुटलें असतें, किंवा लांबीचा ढलपा सुटून समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर आला असता. आणि समोर बसणार होत्या सूनबाई.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. भंगलेली मूर्ति सांधून पुन्हां पूजेंत ठेवावयाची नसते, तिचें विसर्जन करून दुसरी आणावयाची असते, ही गोष्ट लहानपणापासून ठाऊक असलेल्या मनुष्यानें, सांधण्याची वस्तु कोणती आणि टाकून देण्याची कोणती, हा प्रश्न स्वतःस विचारूं नये, याचें आम्हांस फार वाईट वाटलें. सकाळीं सहा वाजतां आम्ही अण्णांच्या दारीं उभे. आमची चूक झाली, गाडी तशी नेऊं नका, असें स्पष्ट सांगितलें. अण्णा घटकाभर बोलले नाहींत. वहिनी म्हणाल्या, "अहो, पण इतकें छान झालें होतें!" सूनबाई आंतून येऊन म्हणाल्या, "काका, मी मागें बसेन. त्यांत काय एवढें?"

त्या मागेंच बसून, पट्टा बांधून गेल्या, आणि समोरच्या आसनावर कोणी बसलें नाहीं. त्या गाडींत हें झांकण डॅशबोर्डाहून निराळें होतें, म्हणून सबंध डॅशबोर्ड बदलावा लागला नाहीं. कंपनीच्या अधिकृत कारागिरांकडून नवें झांकण बसवून घेतलें. तें काम गृहस्थानें घरीं करण्याचें नव्हे. बॅटरी सोडविण्यापासून त्याचा एक क्रम ठरलेला आहे. खर्च आम्हीं द्यावा असा आमचा आग्रह होता. अण्णांनीं निम्मा घेतला. निम्म्याचें कारण त्यांनीं असें दिलें, कीं मूर्ति स्क्रूड्रायव्हरनें काढण्याचा सल्ला मास्तरांचा नव्हता.

तेव्हां, दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीं गाडीबरोबर आलेलें पुस्तक उघडून एअरबॅग कोठें कोठें आहेत तें पाहावें. समोर तर त्या असतातच. कांहीं गाड्यांत आसनांच्या कडेस व कांचेलगतच्या खांबांच्या वर छतापाशींहि असतात. त्या जागांवर लांबी, गोंद, जाड रंग, शोभेचें आवरण किंवा मूर्ति यांपैकीं कांहींहि लावूं नये. ज्यांनीं पूर्वीं लावलें असेल त्यांनीं तें स्वतः खरवडूं नये. अधिकृत कारागिरास दाखवावें. अण्णांचा गणपति आतां देवघरांत आहे.

जुनें झांकण आम्हीं मागून घेतलें. वरून पाहिलें तर अण्णांची कारागिरी खरोखर उत्तम आहे. भेग कोठें होती तें दिसत नाहीं. उलटें केलें, कीं आंतील खांच नखास लागते. तें आमच्या टेबलावर आहे. पुण्यांतील ज्या वाचकांस पाहावयाचें असेल, त्यांनीं संपादकांकडून पत्ता घेऊन सायंकाळीं पांचनंतर यावें.